महागूचा पाळणा

दिवाळीच्या सुट्या लागल्या आणि विमलाबाईंनी पहिल्याच दिवशी नातीच्या खेळण्यात खोट काढली.

खेळणं साधंसुधं नव्हतं. हैदराबादच्या रजतकाकानं खुशीसाठी भलंमोठं खोकं पाठवलं होतं. त्यात रंगीबेरंगी ठोकळे, चाकं, दांड्या आणि एक बारकी मोटर. खुशीनं जेवणखाण विसरून त्यातून आकाशपाळणा उभा केला होता. बटण दाबलं की घुर्र करत फिरायचा. आल्यागेल्या सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. समोरच्या घरची मंडळीसुद्धा येऊन पाहून गेली. विमलाबाई तेवढ्या अनारशांचं पीठ मळता मळता मान वाकडी करून बघत राहिल्या.

"हे का होय?"

"झूला आजी. जायंट व्हील."

"हा पाळणा? हा तं पंखा होय. टांगा वर करून भिंतीले लाव, हवा येईन."

खुशी सहावीत. बालाघाटात शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, घरात आजीचं बोलणं तिला सगळं कळायचं, पण उत्तर मात्र तोंडातून हिंदीतच निघायचं. ती फुगली. "तो फिर असली वाला कैसा होता है?"

"चार खटोले. चारच. लाकडाचा. आन बटन नाही, माणूस फिरवते हातानं."

"तो आप बताओ ना. बनाते हैं."

झालं. असली पाळणा कसा होता हे विमलाबाईंना कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे त्या न विचारता सांगायच्या, ती गोष्ट वेगळी. त्यांचे यजमान प्रेमलाल उकव्याच्या मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले. त्यांना तर महागूच्या पाळण्याची सगळी कहाणी तोंडपाठ होती, आणि बायको सांगू लागली की ते पेपराआड ओठ हलवून तिच्यासोबत म्हणायचे. पण आपणहून ती कहाणी मागायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. पीठ तसंच झाकून विमलाबाई फरशीवर मांडी घालून बसल्या.

महागू म्हणजे त्यांचे वडील. हट्ट्याच्या अलीकडचं गाव, थोडकी धानाची शेती. पण दिवाळी झाली आणि गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की महागू शेतकरी उरायचा नाही, पाळणावाला व्हायचा. आपल्याकडे मंडई म्हणजे काय ते सांगायला नको. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकीबाळी माहेरी येतात, सोयरे जमतात, बाजार भरतो, पोरापोरींची लग्नं तिथंच डोळ्यांनी जुळतात. त्या बाजाराच्या कडेला महागूची बैलगाडी लागायची. सागाचे दोन खांब, मधोमध आस, चार आरे आणि आऱ्यांना टांगलेले बसायचे चार खटोले. महागू खाली उभा राहून समोरून जाणारा खटोला पकडायचा आणि पुढं ढकलायचा. आसाला करंजीचं तेल. त्या तेलाचा वास आणि कुईं कुईं आवाज आला की पोरं बाजार सोडून तिकडं धावत सुटायची.

"आन मी फुकट बसत होती," विमलाबाई सांगायच्या. "सारे पोरं मायच्या पदराले लोंबकळत, 'एक चक्कर बसू दे वं' म्हणून रडत. आन मी सकाळपासून जे बसली ते दिवा लागेपर्यंत. माह्या बाबाचा माह्यावर लई जीव. भेव वाटू नये म्हणून माह्या मांडीवर देव द्यायचा. म्हणायचा, महादेव आहे, दोन्ही हातानं धरून बस, पडणार नाही तू."

तो महादेव अजून होता. वैनगंगेतला काळा गुळगुळीत गोटा, नारळाएवढा. विमलाबाईंच्या लग्नात महागूनं तो पदरात घातला होता. तेव्हापासून देवघरात बसून रोज फूल, गंध, नैवेद्य घेत होता.

पाळणा बांधायचं काम दिवाळीची झाडलोट सांभाळून चाललं. रजतकाकाच्या खोक्यातला पंखा मोडला. मोटर विमलाबाईंनी उचलून कपाटावर ठेवली. खांब पिवळे, आरे निळे, कारण तपकिरी ठोकळे पुरेनात. "सागाचा रंग नाही," म्हणून त्या हळहळल्या. आस कुठल्या उंचीवर, खटोल्याची कड केवढी, सगळं त्या बोटांनी हवेत मापून दाखवायच्या आणि खुशी ठोकळे मोजत, चुकत, परत काढत बसवायची. दोघींची भांडणंही झाली. एकदा खुशीनं खटोल्याला दार लावलं. "दार नव्हतं! साखळी होती." दार निघालं. प्रेमलालही मधूनमधून येऊन खाणीतल्या क्रेनचा अनुभव सांगायचे आणि हाकलले जायचे.

शेवटी रिकामा पाळणा असा फिरला की बोटानं एक टिचकी मारली तर चारही खटोले डुलत डुलत दोन-तीन चकरा घ्यायचे. विमलाबाईंचा चेहरा उजळून गेला. त्यांनी आसाला खोबरेल तेलाचा थेंबसुद्धा लावला. गरज काहीच नव्हती.

"अब लोग बिठाते हैं," खुशी म्हणाली. "कौन बैठेगा?"

"मी. आन माह्या बाजूले दादा."

दादा म्हणजे तेजराम, विमलाबाईंचा मोठा भाऊ. खुशीनं त्याला फार पाहिलेलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

महागू गेल्यावर पाळणा तेजरामच्या ताब्यात आला. तोवर लोखंडी पाळणे आले होते, जनरेटर लावून, रंगीत दिवे लावून फिरणारे. लाकडी पाळण्यात बसायला कुणाला वेळ होता? काही वर्षांपूर्वी विमलाबाई माहेरी गेल्या, सहज ढोरांच्या कोठ्यात डोकावल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. पाळण्याचे दोन खांब कोठ्याच्या छपराला टेकू दिलेले, आणि एका खांबाला म्हैस बांधलेली. मग काय विचारता! भरल्या अंगणात, सोयऱ्याधायऱ्यांदेखत त्यांनी भावाला धुतलं. "बाबाले ढोरांत नेऊन उभा केला काहून रे? लाज नाही वाटली?" मग तेजरामही चिडला. "तुले का मालूम पाळण्याचं? तू तं वर बसून हवा खात होती."

हे वाक्य विमलाबाईंना जे लागलं ते लागलंच. त्या तडक बसमध्ये बसून बालाघाटला परत आल्या. तेव्हापासून त्या माहेरी गेल्या नाहीत आणि तेजराम भाऊबीजेला आला नाही. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. विमलाबाई जिवंत, धडधाकट भाऊ असताना दर वर्षी गच्चीवर जाऊन बीजेच्या चंद्राला ओवाळत होत्या. चंद्र येतोही थोडा वेळ, उगवलासा वाटतो तोच मावळतो. त्याला ओवाळताना त्यांना मनातून फार वाईट वाटायचं, पण ते त्या कबूल करणाऱ्यांतल्या नव्हत्या. यंदा तेजरामची सून अपेक्षा सासऱ्यांबद्दल फोनवर म्हणाली होती, "आत्याबाई, मामाजी लई वाळले जी. खोकला जात नाही." त्या दिवसापासून विमलाबाईंना एकच घोर लागला होता. आणखी किती भाऊबिजा शिल्लक आहेत? आणि तो आलाच नाही तर? पण पहिला फोन आपण करायचा, हे काही त्यांच्या जिभेवर येईना.

तर खुशीनं माणसं घडवली. आजी लहान, दोन वेण्या. तेजराम थोराड, धिप्पाड.

"त्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते," विमलाबाई हसून म्हणाल्या. "असे एकाबाजूले एक. वरून पाह्यलं की मस्त दिसत. मी त्याले चिडवत होती, तुह्या दोन बायका होतीन म्हणून." खुशीनं ठोकळ्याच्या माणसाच्या टाळूवर दोन गोल टिकल्या बसवल्या.

दोघांना शेजारी शेजारी एका खटोल्यात बसवलं. विमलाबाईंनी टिचकी मारली. खटोला जेमतेम अर्ध्या उंचीला गेला, थांबला, परत फिरला आणि खाली येऊन बसला. पुन्हा टिचकी, जरा जोरात. पुन्हा तेच. खटोला खाली येऊन हट्टी बैलासारखा बसायचा. खुशीनं आस काढून परत घातली. खोबरेल तेल आणखी ओतलं, ते फरशीवर सांडलं. प्रेमलालांनी फरशीलाच उतार असल्याचं निदान केलं आणि खांबाखाली पेपराची घडी घातली. पाळणा काही पुरा फिरेना.

"मोटर लगा देते हैं ना आजी."

"मोटर नाही," विमलाबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. आपण आणि दादा बसलो आणि पाळणा अडला, हे त्यांना अपशकुनासारखं वाटलं.

खुशीनं या सगळ्या फजितीचा व्हिडिओ काढला होता. "ये अपेक्षा काकी को भेजूँ?"

"मी काही पाठव म्हणत नाही," विमलाबाई भांड्यांकडे बघत म्हणाल्या. "पण पोरगी आपल्या मनानं पाठवत असन, तं मी का तिचा हात धरू?"

व्हिडिओ गेला. उत्तर आलं नाही. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. विमलाबाईंनी फोन चार्जिंगला लावताना दहा वेळा पाहिला, आणि मग पाहायचाच सोडला.

भाऊबीजेला दुपार कलली तेव्हा फाटकाची कडी वाजली. प्रेमलालांनी दार उघडलं. दारात तेजराम. धोतर, डोक्यावर टोपी, अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, वाळून अर्धा झालेला. सोबत अपेक्षा, हातात पिशवी. त्यानं रामराम घातला नाही, चपला काढल्या आणि थेट विचारलं, "कुठं आहे तो?"

"कोण?" प्रेमलाल गोंधळले.

"पाळणा, जवाईबुवा! तीन दिस झाले, माह्या डोक्यातून जाऊन नाही राह्यला. असा बसवते का कोणी माणसं? लोक पाह्यतीन तं महागूच्या पोरायले नावं ठेवतीन!"

विमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. या भेटीची त्यांनी मनात कितीदा तयारी केली होती. तो आला तर आपण आधी बोलायचं नाही, चहा अपेक्षाच्या हाती पाठवायचा, असं बरंच काही. त्यातलं एकही जमलं नाही, कारण तेजरामनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो गुडघे धरत फरशीवर बसला आणि पाळण्याकडे बघत राहिला. पिवळ्या खांबांवरून, निळ्या आऱ्यांवरून त्यानं बोट फिरवलं. साखळीच्या जागी लावलेला दोरा पाहिला. "साखळी ध्यानात आहे हिच्या," तो स्वतःशीच पुटपुटला.

मग खटोल्यातल्या धिप्पाड बाहुल्याला उचलून त्यानं समोरच्या खटोल्यात बसवलं.

"ते नाही," विमलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "आपण एकाच खटोल्यात बसत होतो, दादा. तू माह्या बाजूले."

"कधीच नाही."

"बसत होतो! मले भेव वाटे तं तू म्हणत होता, खाली पाहू नको, माह्याकडं पाह्य."

"म्हणत होतो. पण समोरून." तेजराम खोकला. "बाबा आपल्याले एका खटोल्यात बसवतच नव्हते वं. एका अंगाले वजन झालं तं पाळणा फिरन का? गिऱ्हाईक एकटं आलं की त्याच्या समोर आपल्यातलं एक. आन गिऱ्हाईक नसलं की आपण दोघं, समोरासमोर. फिरता पाळणा पाहून लोक येत. आपण पासंगाची पोरं होतो, विमल. तराजूची हलकी बाजू भराले ठेवते न पासंग, तशी."

विमलाबाई भांडायला तोंड उघडणार होत्या. तेवढ्यात त्यांना बाहुल्याच्या टाळूवरच्या दोन टिकल्या दिसल्या. दोन भोवरे. वरून पाहिलं की मस्त दिसत. शेजारी बसलेल्या माणसाची टाळू वरून दिसत नाही. त्या वर असायच्या तेव्हा तो खाली असायचा, पार खाली, मान वर करून ओरडत. आयुष्यभर शेजारचा म्हणून जपून ठेवलेला भाऊ समोरचा निघाला.

तेजरामनं टिचकी मारली. पाळणा फिरला, पण त्याच्या बाहुल्याच्या बाजूला झुकत झुकत, लंगडत.

"पोरगी हलकी आहे," तो खुशीला म्हणाला. "तिच्या मांडीवर गोटा दे."

"कोणता गोटा?" विमलाबाईंनी विचारलं.

"तोच. बाबा तुह्या मांडीवर ठेवत होते तो. तू चिमणीएवढी, मी हा असा. बराबर कसं होणार? म्हणून पासंगाचा गोटा."

प्रेमलालांनी देवघराकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. तेजरामची नजर त्यांच्यामागून तिकडे गेली. तिथं सकाळचं झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन, गंध लावून, पासंगाचा गोटा बसला होता.

विमलाबाईंना आधी लाज वाटली, मग भयंकर वाईट वाटलं. बापानं फुकट बसवलं, लाडानं बसवलं, हे त्यांचं माहेरचं सगळ्यात मोठं स्त्रीधन होतं. सासरी कुणी काही टोचून बोललं तरी मनात म्हणायच्या, मी महागूची लाडकी लेक आहे, मी दिवसभर पाळण्यात बसलेली आहे. आणि आता कळतंय की त्या वजन होत्या, आणि तेही कमी पडायचं.

"म्हणजे देव नव्हता," त्या म्हणाल्या. "मले वजन म्हणून बसवलं. लाड नाहीच."

"लाड?" तेजरामनं मान हलवली. "तुह्या लग्नात बाबानं तो गोटा तुले काहून दिला, मालूम आहे?"

"देव म्हणून."

"तू सासरी गेली न, त्याच साली दिवाळीनंतर आम्ही मंडईत गेलतो. तुह्या जागी दुसऱ्याची पोरं बसवून पाह्यली. रडत, खाली उतरवा म्हणत, उलट्या करत. गोटे दुसरे होते, नदी भरली आहे गोट्यायनं. पण तिथं बसून दिवसभर माह्याकडं पाहणारं कोणी नव्हतं. बाबानं दोन-चार मंडया केल्या आन गाडी घरी आणली. म्हणे, ते पोरगी होती तोवर पाळणा होता. लग्नातच त्यायले समजलं होतं, म्हणून गोटा तुह्यासंगं धाडला. तिचाच होय म्हणे, तिच्याजवळ राहू दे." त्यानं मफलरनं तोंड पुसलं. "मी पाळणा मोडला नाही वं. तो तुह्या लग्नाच्याच साली बसला. आन खांब सागाचे, त्यायले उभं राहायची सवय. आडवे टाकून ठेवले असते तं वाळवीनं खाल्ले असते. कोठ्यात उभे हायत. सकाळी धार काढाले गेलो की हात लागते."

इतकी वर्षं ज्या खांबांवरून त्या भावाशी अबोला धरून बसल्या, त्यांना तो रोज सकाळी हात लावत होता.

खुशीनं एक काळा ठोकळा शोधून दोन वेण्यांच्या बाहुलीच्या मांडीवर बसवला. "आबा, अब मारो."

तेजरामनं टिचकी मारली. पाळणा फिरला. न झुकता, न अडता, एक चक्कर, दुसरी, तिसरी. वेण्यावाली वर गेली की भोवऱ्यावाला खाली, आणि मधोमध आले की दोघं आसाच्या अल्याड-पल्याड एकमेकांकडे बघत. प्रेमलालांनी खांबाखालची पेपराची घडी गुपचूप काढून खिशात घातली.

संध्याकाळी खुशी गच्चीवर पळाली आणि तिथूनच ओरडली, "आजी, चाँद दिख रहा है! थाली लाऊँ ऊपर?"

"चंद्राले म्हण, आपली बहीण पाह्य कुठं असन तं," विमलाबाईंनी खालून सांगितलं. "माही थाळी खालीच राहीन."

त्यांनी देवघरातल्या गोट्याचं फूल सरळ केलं. काढला नाही, हलवलाही नाही. मग निरांजन लावलं, सुपारी, अक्षता, कुंकू घेतलं. तेजराम खाटेवर प्रेमलालांच्या शेजारी टेकला होता आणि तिथंच बसल्या बसल्या ओवाळून घ्यायच्या तयारीत होता.

"तिथं नाही," विमलाबाई म्हणाल्या. "पाटावर ये. माह्या समोर बस."

तो गुडघे धरत उठला, पाटावर बसला, टोपी सारखी केली. विमलाबाईंनी कुंकू लावलं. थाळी उचलली आणि ओवाळायला लागल्या. डोळे भरून आले तशी त्यांनी मान खाली घातली आणि थाळीतल्या अक्षतांकडेच बघत राहिल्या.

"खाली काहून पाहून राह्यली वं?" समोरून तेजराम म्हणाला. "माह्याकडं पाह्य."

विमलाबाईंनी वर पाहिलं.